दिव्याभोवतीची कडी

आमच्या तोंडवलीला सुरूच्या बनाच्या टोकाला वाळूचा एक उंचवटा आहे. तिथून समुद्र जितका लांबवर दिसतो तितका गावात दुसरीकडून कुठूनही दिसत नाही. रापणीचे दिवस सुरू झाले की सत्यवान गिरकर उजाडता उजाडता तिथे येऊन बसायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकत जातात आणि मग वाडीतली माणसं दोन्ही टोकांचे दोर धरून ते किनाऱ्याला ओढून आणतात. ओढायला माणसं पुष्कळ लागतात, पण मासा कुठे आहे हे सांगायला एकच लागतो. तो माणूस म्हणजे सत्यवानदादा.

तारल्यांचा किंवा बांगड्यांचा थवा आला की पाण्याचा रंग जरासा मळतो, म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसून कितीदा तरी पाहिलंय. मला सपाट पाण्याखेरीज काही दिसलं नाही. दादा मात्र बोलता बोलता थांबायचे, उठून उभे राहायचे, अंगातला सदरा काढून हवेत फिरवायचे, आणि होडीतली माणसं त्या सदऱ्याच्या रोखाने वल्ही मारायची. कधी मासा खोल जायचा, कधी वारा फिरायचा आणि जाळं हलकं यायचं. तरी दादांनी पाहिलंय म्हटल्यावर कुणी शंका घेत नसे.

स्वभावाने मितभाषी. पावसाळ्यात रापण बंद असते तेव्हा पडवीत बसून फाटकी जाळी सांधायची, हा त्यांचा दुसरा उद्योग. बायको आनंदीबाई मालवणच्या बाजारात मासे विकायच्या, आणि घरातलं सगळं बोलणं दोघांच्या वतीने त्याच करायच्या. मुलगी एकच, नम्रता. ती कणकवलीला ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सासरही तिचं तिथेच.

दोन वर्षांपूर्वी, रापणीचा हंगाम संपत आला असताना एका सकाळी दादांनी सदरा फिरवला. होडी गेली, जाळं पडलं, वाडी ओढायला उभी राहिली. जाळं आलं त्यात शेवाळ आणि थोडे जेलीफिश. मासा एक नाही. दादांनी ज्याला थवा म्हटलं होतं ती ढगाची सावली होती. कुणी काही बोललं नाही. लोकांनी जाळं झाडलं, वाळूवर पसरलं आणि आपापल्या वाटेने गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, असं दादा नंतर म्हणाले.

त्यानंतर गुडघा दुखतो असं सांगून ते उंचवट्यावर जायचे बंद झाले. पाऊस लागला तशी जाळी पडवीत आली, पण लाकडी सुईत दोरा ओवायलाही त्यांना आनंदीबाईंना हाक मारावी लागू लागली. गणपतीला नम्रता माहेरी आली तेव्हा दादांनी तिच्यासाठी किटलीतून चहा ओतला. कप भरला, बशी भरली, तरी ते ओततच होते. नम्रताने हळूच त्यांच्या हातातून किटली काढून घेतली आणि गणपती विसर्जन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना कुडाळला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर प्राजक्ता परब तिथे असतात. त्यांनी तपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. उजवा जास्त पिकला होता. तो काढून आत भिंग बसवायचं. भिंगं दोन तऱ्हेची होती. एकाने लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्यासाठी चष्मा लागतो. दुसऱ्यावर अगदी बारीक गोल रेषा कोरलेल्या असतात, त्याने लांबचंही दिसतं आणि जवळचंही. दादांना समुद्रही बघायचा होता आणि सुईही ओवायची होती, आणि वाऱ्या-खाऱ्या हवेत चष्म्याच्या काचा सारख्या पुसत बसणं त्यांना नको होतं. डॉक्टरांनी विचारलं, रात्री गाडी चालवता का, होडीने जाता का. दोन्हींचं उत्तर नाही असं होतं. मग त्यांनी रेषांच्या भिंगाने काळोखात दिव्यांभोवती कडी दिसू शकतात हेही नीट समजावून सांगितलं. नम्रताने ऐकलं. दादांनी मान डोलावली, पण त्यांचं सगळं लक्ष डोळ्याला लागणाऱ्या सुरीकडे होतं. घरात कुणाला डोळ्यांचा आजार होता का, या प्रश्नालाही त्यांनी नाही म्हणून टाकलं.

ऑपरेशन झालं. दुखलं नाही. पट्टी सुटली तेव्हा समोर आनंदीबाई उभ्या होत्या. त्यांचं लुगडं निळं होतं. दादा ते कित्येक महिने मातकट समजत होते. ते बराच वेळ बायकोकडे बघत राहिले.

“तू म्हातारी झालंस गो,” ते म्हणाले.

“तुमका आता कळला?” आनंदीबाई म्हणाल्या. त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली.

आठवडाभर दादा घरातच होते. डोळ्यात थेंब घालायचे, वारा टाळायचा, पाण्याचा शिंतोडा उडू द्यायचा नाही. दिवसा सगळं लख्ख दिसत होतं. माडावरचे नारळ वेगवेगळे दिसत होते, आणि कॅलेंडरावरची तिथी चष्म्याशिवाय वाचता येत होती. मग एका तिन्हीसांजेला ते किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले. होड्या परत येत होत्या. पहिल्या होडीवर दिवा लागला. दिव्याभोवती एक कडं होतं. त्याच्याबाहेर दुसरं, त्याच्याबाहेर आणखी. दुसऱ्या होडीच्या दिव्यालाही तसंच. मागे वळून पाहिलं तर पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या बाहेरच्या प्रत्येक दिव्याभोवती तीच कडी.

इथे त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं. काशीबाई आचऱ्याच्या बाजारात मासे विकत. दादा शाळेत होते तेव्हा त्यांना संध्याकाळी रॉकेलच्या चिमणीभोवती कडी दिसू लागली. त्या ती घरात सगळ्यांना दाखवत, आणि इतर कुणाला दिसत नाहीत याचं त्यांना नवल वाटे. त्यांचं डोकं दुखायचं, डोळा लाल व्हायचा. भगताकडून देवस्कीही झाली, झाडपाल्याचा रसही घातला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. थोड्याच वर्षांत त्यांना दिसेनासं झालं. तरी त्या बाजारात जात राहिल्या. पाटी डोक्यावर त्यांची आणि हात दादांच्या खांद्यावर. मासा हातात घेऊन बोटांनीच ताजा की शिळा ते सांगत. आजाराचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादांच्या लेखी गोष्ट एवढीच होती की आधी कडी दिसतात आणि मग काळोख होतो.

किनाऱ्यावरून ते घरी आले आणि कुणालाही काही बोलले नाहीत. आनंदीबाई ऑपरेशन छान झालं म्हणून वाडीभर सांगत होत्या. नम्रता रोज फोन करून विचारायची, बाबा, दिसतंय ना नीट. ते हो म्हणायचे, आणि दिवसा दिसतही होतं. संध्याकाळ झाली की मात्र ते दिव्याकडे पाठ करून बसायचे.

मग त्यांनी तयारीला सुरुवात केली. पुतण्या सिद्धेश, वयाने चाळिशीचा, रापणीत दोर धरणारा, त्याला त्यांनी उंचवट्यावर बोलावून घेतलं. पाणी कसं बघायचं, ढगाची सावली कशी सरकते आणि थवा कसा सरकतो, घारी कुठे घिरट्या घालतात, सगळं ते त्याला शिकवू लागले. डोळा बरा झाल्यावर आपल्याला बसवायचं कारण काय, हे सिद्धेशला कळेना. दादांनी कारण सांगितलं नाही. घरात कुणी नसलं की ते डोळे मिटून चालायचे. पडवीतून चुलीपर्यंत, चुलीपासून विहिरीपर्यंत, विहिरीवरून परत. कुठे पायरी आहे, कुठे गुरांच्या पाण्याची दगडी दोणी आहे, हाताला खांब कधी लागतो, हे पायांना पाठ करून ठेवत होते.

एका दुपारी आनंदीबाई बाजारातून लवकर परतल्या. बघतात तर नवरा विहिरीजवळ डोळे गच्च मिटून, हात पुढे करून एकेक पाऊल टाकतोय. पाटी त्यांनी तिथेच खाली ठेवली.

“डोळे मिटून खंय चललास तुमी?”

दादा दचकले. काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ते दोणीच्या कडेवर बसले.

“आवशीक दिव्याभोवती चक्रां दिसत होती,” ते म्हणाले. “तीच आता माका दिसतत.”

आनंदीबाईंनी सासूला आंधळी झाल्यावरच पाहिलं होतं, शेवटच्या दिवसांत तिला भरवलंही होतं. माशांची पाटी उन्हात तशीच राहिली. मग आत जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला.

नम्रता संध्याकाळच्या गाडीने आली. दिवेलागण झाली होती. तिने वडिलांना पडवीत बसवून गेटावरच्या दिव्याकडे बघायला सांगितलं आणि काय दिसतं ते विचारलं. त्यांनी सांगितलं. मग आजीचं सगळं सांगितलं, जे तिने याआधी कधी ऐकलं नव्हतं. आजी म्हातारपणामुळे आंधळी झाली एवढंच तिला ठाऊक होतं. कड्यांबद्दल डॉक्टर बोलल्या होत्या हे तिला आठवत होतं, आणि तसं तिने बाबांना सांगितलंही. पण लाल डोळा, डोकेदुखी आणि मग अंधत्व हे ऐकल्यावर तिचाही धीर सुटला. दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, असं तिला वाटू लागलं. भिंग कुठलं घ्यायचं ते शेवटी तिनेच ठरवलं होतं. ती बाबांना म्हणाली की उद्या सकाळी कुडाळला जायचं, आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली.

सकाळी पहिल्या गाडीने तिघंही निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी आईची हकिकत पूर्ण ऐकून घेतली. मध्ये एकदाही अडवलं नाही. मग दादांना यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत थेंब घालून दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला आणि प्रकाश टाकून मागची नस बघितली. ऑपरेशनच्या आधी काढलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहिलं. आनंदीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“कडी रंगीत दिसतात की पांढरी?” डॉक्टरांनी विचारलं.

“पांढरी,” दादा म्हणाले. “कोळ्याच्या जाळ्यासारी.”

“डोकं दुखतं? डोळा लाल होतो?”

“नाय.”

“आणि उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं तर?”

हे दादांनी कधी करूनच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी खोली अंधारी केली, टेबलावर एक छोटा दिवा लावला. दोन्ही डोळ्यांनी कडी होती. उजवा झाकला. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता, त्यातून दिवा पुसट, धुरकट दिसला, पण कडी गेली. डावा झाकून उजवा उघडला. कडी आली.

डॉक्टरांनी दिवे लावले आणि त्या खुर्ची पुढे ओढून दादांच्या समोर बसल्या. डोळ्यातला दाब अगदी व्यवस्थित आहे, नस निरोगी आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. आईला बहुधा काचबिंदू असावा. त्यात डोळ्यातला दाब वाढतो, त्याने दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसतात आणि उपचार झाले नाहीत तर नजर जाते. तुमच्या आईला तो होता म्हणून तुम्ही दरवर्षी दाब तपासून घ्यायचा, हेही सांगितलं.

“पण तुमची कडी आजाराची नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी बसवलेल्या भिंगाची आहेत. तुम्ही आंधळे होत नाही आहात.”

दादांनी हे ऐकलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिले. त्यांच्या खांद्यांची ताठरता उतरत गेलेली आनंदीबाईंना दिसली. मग दादांनी प्यायला पाणी मागितलं. तांब्याभर पाणी ते एका दमात प्यायले.

डॉक्टरांनी कपाटातून भिंगाचं मोठं केलेलं चित्र काढलं. मध्यापासून कडेपर्यंत एकात एक गोल रेषा, मध्यभागी विरळ, कडेला दाट. नम्रताने ते हातात घेतलं आणि तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे पुसावे लागले. दरवर्षी ती ज्या ग्रेटिंगचं, म्हणजे बारीक रेषा कोरलेल्या काचेचं, प्रात्यक्षिक मुलांकडून करून घेते तेच हे होतं, फक्त गोल वळवलेलं. परवानगीच्या कागदावर सही करताना हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने बाबांना तिथेच समजावून सांगितलं. इतक्या जवळ जवळ रेषा असल्या की त्यातून जाणारा उजेड सरळ न जाता वाटला जातो. या भिंगात त्याचा एक वाटा लांबचं दाखवतो आणि दुसरा जवळचं. लांबच्या दिव्याकडे बघताना जवळचा वाटा रिकामा राहतो, आणि तोच दिव्याभोवती पसरून कडी दिसतात. दिवसा सगळीकडेच उजेड असतो म्हणून ती जाणवत नाहीत. काही महिन्यांत मेंदूला सवय होते आणि बहुतेकांचं त्यांच्याकडे लक्षच जात नाही, अशी पुस्ती डॉक्टरांनी जोडली.

“म्हणजे ह्या भिंगाचा काम आसा,” दादा म्हणाले.

“हो बाबा. भिंग आपला काम करता.”

परतीच्या गाडीत दादा खिडकीला डोकं टेकून झोपले ते तोंडवलीचा थांबा येईपर्यंत उठले नाहीत. कितीतरी रात्रींची झोप त्यांनी त्या गाडीत काढली. आनंदीबाईंनी त्यांना हलवून जागं केलं तेव्हा क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना.

पुढच्या रविवारी नम्रता पुन्हा आली तेव्हा तिने प्रयोगशाळेतली ग्रेटिंगची काच आणली होती. बोटभर रुंदीची, साध्या काचेसारखीच दिसणारी. त्यावर हजारो सरळ रेषा आहेत हे सांगूनच कळतं. रेषांना बोट लावायचं नाही असं तिने बजावलं. दादांनी ती कडेने धरून उजव्या डोळ्यासमोर आणली आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बकडे पाहिलं. बल्ब मध्ये होताच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचे पट्टे पसरले होते. बराच वेळ त्यांनी ती काच डोळ्यापासून हलवली नाही. मग पडवीत जाऊन तिथल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. आता पट्टा सलग नव्हता. हिरव्याची एक ठळक पट्टी, निळ्याची एक, आणि मध्ये काळ्या फटी.

“हडे मधले रंग कित्याक नाय?” त्यांनी विचारलं.

नम्रताला तो प्रश्न आवडला. बल्बची तार तापून उजळते म्हणून तिचे सगळे रंग येतात. ट्यूबमध्ये पारा असतो आणि पाऱ्याचे रंग ठरलेले. जे जे पेटून उजळतं त्याची रंगांची खूण वेगळी. त्या खुणेवरून वस्तू ओळखता येते. सूर्यात काय काय आहे ते इथूनच, त्याच्या उजेडाचे असे पट्टे पाडून ओळखलं गेलं, तिथे कुणी गेलेलं नाही. दादांनी हे दोनदा विचारून घेतलं. जेवायला हाक मारली तरी ते काच घेऊन पडवीतच होते, आणि आनंदीबाईंनी ताट दोनदा झाकून ठेवलं. स्वतः त्यांनी काचेतून एकदाच पाहिलं. छान आसा म्हणाल्या आणि माशाचं कालवण जळू नये म्हणून आत गेल्या.

दिवाळीच्या सुमारास दादा परत उंचवट्यावर गेले. पहिले काही दिवस सिद्धेश शेजारी होता, आणि दादांनी त्याला उठवलं नाही. दोघांनी मिळूनच पाणी बघायचं असं ठरलं. बांगड्यांचा थवा पहिल्यांदा दिसला तो दादांना. ते काही बोलले नाहीत. सिद्धेशला तो दिसतो का याची वाट बघत राहिले, आणि त्यालाही दिसला तेव्हा दोघे बरोबरच उभे राहिले. त्या सकाळी जाळं इतकं जड आलं की ओढायला पर्यटकही धावले. कुणी दादांचं कौतुक केलं नाही. मासे वाटून घेताना सगळे नेहमीसारखे भांडले, आणि दादा म्हणतात की ते ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

संध्याकाळची कडी अजून दिसत होती. मात्र ते आता होडीवरचा दिवा लागला की मुद्दाम बघायचे, एकात एक किती मोजता येतात ते. हळूहळू मोजायचं विसरू लागले.

हिवाळ्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दादांनी तेच रेषांचं भिंग मागितलं. डॉक्टर प्राजक्ता कड्यांबद्दल सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या, तुम्हाला आता माहीतच आहे म्हणाल्या.

“माहीत आसा, तरी सांगा,” दादा म्हणाले. “मागच्या वेळेक माझा ध्यान नव्हता.”

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं आणि या खेपेला दादांनी ते पुढे झुकून, शब्दन् शब्द ऐकलं.

ऑपरेशनच्या सकाळी बाकावर शेजारी शिरोड्याच्या यमुनाबाई बसल्या होत्या. त्यांच्याही डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यांना सोबत म्हणून आलेली सून कागद द्यायला आत गेली होती. यमुनाबाई पिशवीचे बंद सारखे पिळत होत्या. त्यांनी दादांना विचारलं, दुखता काय हो. दादांनी नाही म्हटलं. मग दादांनीच यमुनाबाईंना कुठलं भिंग घालणार ते विचारलं, आणि रेषांचं म्हटल्यावर ते सरसावून बसले. काळोख पडला की दिव्याभोवती पांढरी चक्रं दिसतील, ती रोगाची नाहीत, घाबरायचं नाही, रंगीत दिसली किंवा डोळा लाल झाला तर मात्र लगेच डॉक्टरीणबाईंना सांगायचं, आणि घरात कुणाची नजर अशी गेली असेल तर ते लपवायचं नाही, आताच सांगून ठेवायचं. मग उजेडाचे वाटे कसे होतात तेही त्यांनी बोटांनी हवेत गोल काढून दाखवलं. यमुनाबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण पिशवीचे बंद पिळायचे त्या विसरल्या होत्या.

नर्सने दादांचं नाव पुकारलं तरी त्यांचं सांगून संपलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा एका दमात इतकं बोललेला आपण पहिल्यांदाच पाहिला, असं आनंदीबाई सांगतात.